जपून ठेवलेली तबकडी

फोनवर खरं बोलावं की गोड, हे ठरवायला माणसाला फार तर दोन सेकंद मिळतात. रमण म्हापणकरला दोन हजार चार सालच्या जूनमध्ये, एका मंगळवारी सकाळी, मस्कतच्या रुवी भागातल्या आपल्या ऑफिसात तेवढेच मिळाले आणि त्याने गोड बोलायचं ठरवलं. पुढचं सगळं रामायण त्या दोन सेकंदांतून घडलं.

"मी दोनाता," पलीकडची बाई अडखळत्या इंग्रजीत म्हणाली होती. "इंजिनियर फेरुचोंची मुलगी. तुम्हाला शोधायला मला सात आठवडे लागले. माझ्या आईची रेकॉर्ड अजून आहे ना तुमच्याकडे?"

"ऑफ कोर्स, मॅडम!" रमण म्हणाला. इथे थांबता आलं असतं. (पण वेळेवर थांबणं हा गुण म्हापणकरांच्या घराण्यात नाही. त्याचे वडील एसटीतूनसुद्धा एक थांबा पुढे जाऊन उतरायचे.) "केप्ट व्हेरी सेफ! एव्हरी फ्रायडे लिसनिंग. होल फॅमिली!"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मी गुरुवारी मस्कतला पोचते," बाई म्हणाली. "फक्त तेवढ्यासाठी येतेय."

रमणने फोन ठेवला आणि समोरच्या एसीखाली बसूनही त्याच्या मानेवरून घाम ओघळला. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधी नव्हतंच. त्या रेकॉर्डमधलं एक अक्षरही आजवर शीलाने किंवा विशाखाने ऐकलेलं नव्हतं. आणि रेकॉर्ड शेवटची कुठे पाहिली, हे आठवायला गेलं तर डोक्यात फक्त पांढरा धूर दिसत होता.

आता हे फेरुचो कोण, ते सांगायला हवं. नव्वद ते ब्याण्णव रमण एका इटालियन कंपनीत टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी मांडणारा, होता. कंपनी बातिनाच्या किनाऱ्याने पाण्याची पाइपलाइन टाकत होती. कॅम्प अझैब्याला आणि काम खाबुऱ्याला, म्हणजे जाऊन-येऊन चार तास. ओमानचं लायसन काढताना दोन रांगांत ड्रम मांडतात आणि त्यांच्यामधून गाडी उलटी न्यायला लावतात. त्या ड्रमांनी भल्याभल्यांना रडवलंय. रमण त्यात पहिल्या फटक्यात पास झालेला. कॅम्पातला असा तो एकटाच. त्यामुळे टाइमकीपरी राहिली बाजूला आणि मुख्य इंजिनियर फेरुचोसाहेबांची पिकअप त्याच्या गळ्यात पडली.

त्या पिकअपमध्ये एकच कॅसेट होती, आणि कॅसेटवर एकच गाणं. संपलं की साहेब मागे न्यायचे आणि पुन्हा लावायचे. गाणारी त्यांची बायको. सदुसष्ट साली तिने आयुष्यातली एकुलती एक रेकॉर्ड काढली होती, छोटी, दोन गाण्यांची. ती कुणी विकत घेतली नाही, बऱ्याचशा प्रती परत आल्या आणि कुठेतरी गोदामात संपल्या. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी दोन वर्षांची असताना बाई आजारपणात गेली. साहेबांनी हे सगळं रमणला कधीतरी सांगितलं होतं. रमणने त्यातलं अर्धं ऐकलं होतं आणि उरलेलं अर्धं रस्त्यावर आडव्या आलेल्या बकऱ्यांमुळे निसटलं होतं.

"नाइस?" गाणं संपलं की साहेब विचारायचे.

"व्हेरी नाइस, सर. टॉप क्लास," रमण म्हणायचा. (साहेबाच्या बायकोच्या गाण्याला दुसरं काय म्हणणार? तुम्ही काय म्हणाला असतात?)

दोन वर्षं रोज 'टॉप क्लास' ऐकल्यावर कुणाचंही मन विरघळेल. ब्याण्णव साली काम संपलं, साहेब कायमचे निघाले, आणि विमानतळावर त्यांनी रमणच्या हातात ती रेकॉर्डच ठेवली. त्यांच्याकडची शेवटची. "इटलीत ही कुणाला आवडली नाही," ते म्हणाले. "जगात दोघांनाच आवडली, मला आणि तुला. माझ्याकडे कॅसेट आहे. ही तू ठेव."

रमण तेव्हा खरोखर गहिवरला होता. घरी येऊन त्याने रेकॉर्ड नीट ठेवली. इतकी नीट, की सापडेना.

आणि आता ती कॅसेट टेपरेकॉर्डरने चावून टाकली होती. साहेबांना हिवाळ्यात झटका आला होता, माणसांची नावंसुद्धा पुसत चालली होती. दोनाता चौतीस वर्षांची झाली होती आणि आपल्या आईचा आवाज कसा होता ते तिला आठवत नव्हतं. वडील कामामुळे घरी कमीच असायचे आणि कॅसेट सतत त्यांच्याबरोबर फिरायची. ती मागून घ्यायचं तिला कधी सुचलं नाही. आता विचारलं की म्हातारा एकच सांगायचा: रमणकडे आहे. रमणला गाणं येतं.

संध्याकाळी रमणने शीलाला सगळं सांगितलं. म्हणजे फ्रायडे वगळून. पण विशाखा शेजारी अभ्यास करत होती आणि बापाला पुरती ओळखून होती.

"बाबा, तुम्ही तिला काय टेल केलं?" तिने पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

"की आहे म्हणून."

"ओन्ली दॅट?"

"आणि... शुक्रवारी ऐकतो म्हणून."

"अहो, कशावर ऐकतो?" शीला म्हणाली. "मिक्सरवर?"

शोधमोहीम सुरू झाली. माळा उपसला, सुटकेसी उलट्या केल्या, गावी न्यायच्या वस्तूंचं जे खोकं दर उन्हाळ्यात भरलं आणि सोडलं जातं तेही सोडलं. दोन तासांनी कव्हर सापडलं. स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांखाली. कापलेल्या केसांची एक मुलगी त्यावरून किंचित हसत होती आणि तिच्या कपाळावर, दोन्ही गालांवर, हनुवटीवर हळदीची चार वर्तुळं उठली होती.

"ही होय!" शीला म्हणाली. "ही तर बारा वर्षं माझ्याकडे आहे. मला वाटलं, साबणाची जाहिरात. चांगला जाड पुठ्ठा होता हो."

कव्हर सापडलं पण आत तबकडी नव्हती. रमण जमिनीवर बसकण मारून राहिला. शेवटी विशाखानेच पेन खाली ठेवलं.

"बाबा, वेट. राउंड, ब्लॅक, आणि मध्ये बिग होल?"

"हो! कुठे बघितलीस?"

"बॅकसाइड ब्लॅक आहे. फ्रंट गोल्डन." ती उठली आणि माळ्यावरचं 'गणपती' लिहिलेलं खोकं तिने खाली ओढलं.

आणि मग रमणला आठवलं. सगळं एकदम, लख्ख आठवलं. ब्याण्णव साली त्याला रुवीत एसी दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी लागली, शीला दीड-दोन वर्षांच्या विशाखाला घेऊन आली, आणि घरी पहिला गणपती बसला. मांडीवर धरून विमानातून आणलेली वीतभर मूर्ती. तिच्यामागे फिरतं चक्र हवं, असं रमणच्या डोक्यात आलं. विंडो एसीच्या झडपा हलवणारी छोटी मोटर त्याच्याकडे होती, सावकाश फिरणारी. तिच्या दांड्यावर बरोबर बसेल असं मोठं भोक असलेली गोल, सपाट, हलकी वस्तू घरात एकच होती. फेविकॉल, सोनेरी कागद, टिकल्या. रुवीतली अर्धी मराठी मंडळी ते चक्र बघायला आली होती. "मोटर कुठली?" असं सगळ्यांनी विचारलं. चक्र कशाचं, हे कुणीच विचारलं नाही.

म्हणजे बारा वर्षं, दरसाल दीड दिवस, ती बाई गणपतीच्या मागे गोल फिरत होती आणि तिच्यासमोर सगळेजण दुसऱ्याच आरत्या म्हणत होते. रमणने चक्र हातात घेतलं. त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

चक्राची मागची बाजू मोटरच्या पट्टीने घासून गुळगुळीत झाली होती. ते गाणं गेलं. पुढची बाजू सोनेरी कागदाखाली शाबूत असण्याची शक्यता होती.

"ओल्या फडक्याने हळूहळू पुसा," शीला म्हणाली. "नाहीतर हारूनभाईंकडे न्या. त्यांना कळतं यातलं."

इथे रमणला दुसऱ्यांदा दोन सेकंद मिळाले. आणि त्याने पुन्हा माती खाल्ली. "अगं, मी एसीच्या लाइनमधला माणूस आहे," तो म्हणाला. "उष्णता आणि थंडीचं मला सांगू नकोस. फेविकॉल आधी भिजवायचा, मग जरा उन्हात धरायचा. आपोआप पापुद्रे सुटतात."

बुधवारी दुपारी ऑफिसला एक ते चार सुट्टी होती, रोजच्यासारखीच. रमणने चक्र बादलीत भिजवलं, गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीवर ठेवलं. पाच मिनिटं फक्त. मग खाली येऊन तो भात जेवला. जेवल्यावर पाठ टेकली. (गल्फमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, दुपारी पाठ टेकणं म्हणजे काय.) जाग आली तेव्हा साडेतीन झाले होते.

जून महिना, चारी बाजूंनी काळे डोंगर, आणि त्या डोंगरांमधली रुवी. गच्चीचा दरवाजा उघडताना कडीने बोट भाजलं. सोनेरी कागद खरोखरच आपोआप सुटून पडला होता. एसीच्या लाइनमधल्या माणसाचा अंदाज तेवढ्यापुरता अचूक निघाला. तबकडी मात्र टाकीच्या कडेवरून खाली वाकली होती आणि तिचा द्रोण झाला होता. श्रीखंड वाढता आलं असतं.

रमण त्या तापलेल्या गच्चीवर तसाच उभा राहिला. माणूस स्वतःला शिव्या घालतो तेव्हा निदान शब्द तरी सापडतात. त्याला तेही सापडेनात. साहेबांनी जगातला एक माणूस निवडला होता आणि तो नेमका हा निवडला होता.

हारून मुकादम मूळचा चिपळूणकडचा. रुवीच्या बाजारात त्याचं कॅसेटचं दुकान होतं; पूर्वी तो लोकांना रेकॉर्डवरून कॅसेट भरून द्यायचा, आता टेलिफोन कार्डं विकायचा. पण जुनं यंत्र त्याने फेकलं नव्हतं. त्याने द्रोण दिव्यासमोर धरून उलटसुलट फिरवून पाहिला.

"रमणभाव, ह्या वाजवायचा हाय का ह्याच्यात चटनी वाटायची हाय?"

"उद्या संध्याकाळी तिची मुलगी येतेय रे."

"या अल्ला." हारूनने शोकेसच्या दोन काचा काढल्या, त्यांच्यामध्ये तबकडी धरली आणि वर तांदळाचं पोतं ठेवलं. "हात लावू नको आता. तुज्या हाताला गुन नाय."

गुरुवारी संध्याकाळी दोनाता आली. ठेंगणी, चष्मा लावलेली बाई, अंगावर प्रवासातलेच चुरगळलेले कपडे. हॉटेलात न थांबता ती सरळ दुकानात आली होती, कारण रमणने फोनवर तिसरी थाप मारली होती: घरचं मशीन सर्व्हिसिंगला गेलंय. शीला आणि विशाखाही आल्या होत्या. शीला सोबतीला म्हणून आणि विशाखा, तिच्याच शब्दांत, "एव्हिडन्स म्हणून."

दोनाताने आधी कव्हर हातात घेतलं. हळदीच्या वर्तुळांवरून बोट फिरवलं. "हे काय?"

"ओन्ली स्पाइस, मॅडम," रमण म्हणाला. "गुड फॉर हेल्थ."

तिने कव्हर नाकाशी नेऊन वास घेतला. हारूनने तबकडी यंत्रावर ठेवली. मधलं भोक मोठं, म्हणून त्याने बूच कापून आत बसवलं होतं. रात्रभर तांदळाखाली राहून द्रोण बराच सपाट झाला होता, पण बाहेरची कड अजून लाटा मारत होती. सुई टेकली. घसरली. उडाली. खर्रर्र करत सगळं गाणं ओलांडून आत गेली. हारूनने पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. मग त्याने ती जपून अगदी आतल्या बाजूला, मधल्या कागदाजवळ टेकवली.

आणि एक आवाज आला.

बारीक, थोडासा घोगरा, घरात एकटीने काम करताना गुणगुणावं तसा साधा आवाज. गाण्याची शेवटची ओळ. अकरा सेकंद असतील. मग टिक, टिक, टिक.

दोनाताने तोंडावर हात धरला. हारूनने न विचारता पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. नऊ वेळा. कार्ड घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थबकलं आणि पाय न वाजवता परत गेलं. शीला पदराने डोळे पुसत होती. रमणला वाटलं, हे किती गोड आहे, आणि मी हे दोन वर्षं रोज ऐकलं होतं.

"बाकीचं?" दोनाताने विचारलं.

विशाखा बापाकडे बघत होती. रमणने यंत्राकडे पाहिलं, हारूनकडे पाहिलं, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच खरं बोलायचं ठरवलं. शुक्रवार खोटा, यंत्र खोटं, सर्व्हिसिंग खोटं. मोटर, फेविकॉल, गच्ची, भात, झोप. सगळं सांगितलं. "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या वडिलांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मी त्याच्यावर टिकल्या चिकटवल्या."

दोनाता रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं यंत्रावरच्या तबकडीकडे पाहिलं. "देवाच्या मागे ठेवली होतीत?" तिने विचारलं.

"येस, मॅडम. ऑनर प्लेस," रमण घाईघाईने म्हणाला. विशाखाने कपाळावर हात मारला.

"पण बाबा म्हणतात," दोनाता म्हणाली, "तुम्हाला गाणं येतं."

रमण चमकला. खरंच की! दोन वर्षं, रोज जाताना-येताना तेच गाणं. कुठेतरी आत असणारच. त्याने डोळे मिटले, हात नसलेल्या स्टिअरिंगवर ठेवले, आणि अहो आश्चर्यम, गाणं आलं! आधी गिटारीची सुरावट, ती त्याने तोंडाने वाजवली. मग मागचे पुरुष गायक, 'ओ-ओ-ओ', तेही आले. शीलाने हा माणूस आरतीतसुद्धा सुरात गाताना ऐकला नव्हता. दोनाता ताठ बसली. तिने घाईघाईने मोबाइल काढला, नंबर फिरवला, स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला. "बाबा ऐकतायत. पुन्हा म्हणा. पुढे म्हणा!"

रमणने पुन्हा सुरुवात केली. गिटार, 'ओ-ओ-ओ', मग एक छोटा तबल्यासारखा ठेका, मग श्वास घेतला, आणि थांबला. पुढे काही येईना. त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. गिटार, गायक, ठेका, श्वास. पुन्हा तिथेच गाडी बंद. तिसऱ्यांदाही तिथेच.

"बाबा, कम ऑन, नेक्स्ट लाइन!" विशाखा कुजबुजली.

फोनमधून हसू ऐकू आलं. म्हातारं, खोकल्यात अडकलेलं, पण मनापासूनचं हसू. दोनाताचा विश्वास बसेना. हिवाळ्यानंतर ते हसलेच नव्हते. मग ते इटालियनमध्ये काहीतरी भराभर बोलले. दोनाता ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर रडू आणि हसू एकदमच दाटून आलं.

"बाबा म्हणतात, बरोबर आहे. तुम्हाला एवढंच येतं."

"म्हणजे?"

"यानंतर आई गायला लागते. ती सुरू झाली की तुम्ही आवाज कमी करायचात." तिने चष्मा काढून पुसला. "रजा मागायला."

 रमणला खाबुऱ्याच्या वाटेवरचा बरकाचा राउंडअबाउट आठवला. तो ओलांडला की साहेबांचे डोळे भरून यायचे, ते कशालाच नाही म्हणायचे नाहीत, आणि रमणचा हात बटणाकडे जायचा. गावी शीला होती, नुकती पावलं टाकायला लागलेली पोर होती, त्याचं काही चुकलं असं नाही. पण एक माणूस आपल्या मेलेल्या बायकोला ऐकत होता, आणि याने दोन वर्षं तिला मध्येच गप्प केलं होतं. त्याला जन्मात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. शीलाने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात फोनमधून साहेबांचा आवाज आला. या वेळी इंग्रजीत, दमलेला, पण पूर्वीसारखाच मायेचा.

"रमण! माय फ्रेंड! हाऊ मेनी डेज?"

रमणने माफी मागायला तोंड उघडलं.

"फिफ्टीन, सर," तो म्हणाला.